ओळख कोणी कोणाला पटवायची?

रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्या दिवसापर्यंत प्रत्येक बँकेने आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर हलवायचे होते. वरवर पाहता हा पत्त्यातला किरकोळ बदल. परंतु बँकिंगच्या इतिहासात तो एका वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा लागेल. गेली अनेक वर्षे बँक ग्राहकाला एकच प्रश्न निरनिराळ्या रीतींनी विचारत आली आहे: तुम्ही कोण? सही जुळते का, पिन बरोबर आहे का, ओटीपी आला का? 'आणि आपण कोण?' हा ग्राहकाचा उलट प्रश्न मात्र व्यवस्थेने फारसा मनावर घेतला नव्हता. फिशिंग, बनावट केवायसीचे दूरध्वनी, 'डिजिटल अरेस्ट' या साऱ्या फसवणुकी त्या अनुत्तरित प्रश्नाच्या आडोशाने वाढल्या.

हा इतिहास पाहण्यासाठी बेंगळुरूसारखे दुसरे शहर सापडणे कठीण. अनेक बँकांचे हिशेब ज्या 'फिनॅकल' प्रणालीवर चालतात ती इन्फोसिसची, म्हणजे याच शहरातली. 'आधार'चे तंत्रज्ञान केंद्र येथे आहे. फोन-पे ही कंपनी येथलीच. आणि देशातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन फसवणुकींपैकी काही घडल्या त्याही येथेच.

ओळख पटवण्याचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मराठेशाहीतील राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा उमटे आणि मजकूर संपताच मोर्तब होई. मोर्तबाच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती उपरी आहे हे पाहताक्षणी कळे. आज आपण सहज वापरतो तो 'शिक्कामोर्तब' हा शब्द तिथला. या रिवाजातला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आज्ञा देणाऱ्याने आधी स्वतःची ओळख पटवायची, मग इतरांनी आज्ञा मानायची.

सावकारी पेढ्यांवरच्या हुंडीतही अशीच काळजी घेतलेली दिसते. शंभर रुपयांची हुंडी लिहिताना 'निमे पन्नास, त्यांचे दुप्पट' अशा धर्तीचा मजकूर घालण्याची चाल होती. एक आकडा खोडून दुसरा लिहिणाऱ्याला निमपटही बदलावी लागे, आणि तिथे तो सापडे. संगणकशास्त्रात आज ज्याला 'चेकसम' म्हणतात, त्याचाच हा पूर्वज म्हणावा लागेल. 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत. पुढे हुंडी खोटी निघाली, तर जाब विचारायला ओळखीचा माणूस समोर असे. हाच 'शहाजोग' शब्द आजच्या मराठीत साळसूदपणाचे सोंग घेणाऱ्याला लावला जातो, हा भाषेच्या इतिहासातला योगायोग मोठा बोलका आहे.

बँकेच्या खिडकीवरही बराच काळ दोन्ही बाजूंची ओळख टिकून होती. कारकून ग्राहकाची सही पडताळी आणि ग्राहकाला बँकेची इमारत, पाटी व कारकुनाचा चेहरा ठाऊक असे. भारतातले पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत एचएसबीसी बँकेने सुरू केले, तेव्हा चेहरा गेला, पण भिंत राहिली. यंत्र बँकेच्या भिंतीत बसवलेले असल्याने ते बँकेचेच, एवढी खात्री ग्राहकाला होती. इंटरनेटने ती भिंतही काढून घेतली. पडद्यावरचे बोधचिन्ह, रंग आणि मांडणी यांची हुबेहूब नक्कल कोणीही करू शकत होता.

'फिशिंग' हा शब्द १९९६ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांना काही भामटे 'आम्ही कंपनीचे कर्मचारी' असा संदेश धाडून त्यांचे पासवर्ड मागत. म्हणजे या फसवणुकीत कुलूप फोडणे कधी नव्हतेच. मालकाकडून किल्ली मागून घ्यायची, आणि तीही कुलूप बसवणाऱ्याच्या वेषात, एवढीच तिची युक्ती होती.

शास्त्रज्ञांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. १९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी संगणक-जाळ्यावरील दोन टोकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी, याची पद्धत मांडली. 'परस्पर-प्रमाणीकरण' या कल्पनेच्या पायाभूत लेखनात त्यांच्या निबंधाची गणना होते. १९८१ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एकदाच वापरता येणाऱ्या पासवर्डची गणिती रचना सांगितली. आजच्या ओटीपीमागची कल्पना तीच. मात्र लॅम्पोर्ट यांच्यासमोरचा शत्रू चोरून ऐकणारा होता. पासवर्ड एकदा वापरला की तो बाद होतो, त्यामुळे नंतर ऐकून काही उपयोग नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ग्राहक स्वतःच तो पासवर्ड ताजा असताना परक्याला सांगेल, ही शक्यता त्या गणिताच्या कक्षेबाहेरची होती.

मोबाइल फोनच्या रचनेतही हीच एकतर्फी वृत्ती दिसते. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम जाळ्यात टॉवर फोनला ओळख विचारतो आणि सिमकार्ड ती गणिताने सिद्ध करते. टॉवर खरा आहे की बनावट, हे पडताळण्याची सोय मात्र फोनला दिलेली नव्हती. ती तिसऱ्या पिढीपासून आली. म्हणूनच बनावट टॉवर उभारणारे आजही आसपासच्या फोनना दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर उतरवण्याचा प्रयत्न करतात. ज्या बाजूच्या हाती व्यवस्था असते ती दुसऱ्या बाजूची झडती घेते आणि स्वतःची द्यायला विसरते. टॉवर आणि फोन यांच्यातला हा दोष बँक आणि ग्राहक यांच्यातही जसाच्या तसा उतरला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि पुढल्याच वर्षी बेंगळुरूत देशातले पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे स्थापन झाले. शहरात परदेशी बँकांची सेवाकेंद्रे झपाट्याने वाढत होती. त्या व्यवसायाला पहिला मोठा धक्का एप्रिल २००५ मध्ये पुण्यात बसला. बेंगळुरूस्थित एमफसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या चार अमेरिकी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर बनावट नावांच्या खात्यांत वळवले. त्या ग्राहकांच्या बाजूने पाहिले तर कोडे असे होते: बोलणारा माणूस खरोखरच बँकेच्या वतीने बोलत होता, पण त्याचे मागणे बँकेचे नव्हते. जून २००६ मध्ये बेंगळुरूतील एचएसबीसीच्या माहिती-प्रक्रिया केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याला अटक झाली. ग्राहकांची माहिती बाहेर पुरवल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि ब्रिटनमधील वीस जणांच्या खात्यांतून सुमारे दोन लाख तेहतीस हजार पौंड गेले होते.

या दोन्ही प्रकरणांच्या आधी, २३ मार्च २००५ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने फिशिंगविषयीचा भारतातला पहिला महत्त्वाचा निर्णय दिला होता. नॅसकॉम या संस्थेच्या नावाने ई-पत्रे पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा केली जात होती. फिशिंगला नावाने ओळखणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. तरीही असे कृत्य बेकायदा आहे, आणि ज्याचे नाव वापरले गेले त्याचीही त्यात हानी होते, असे न्यायालयाने मानले. नंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली आणि ओळखीची चोरी व संगणकाद्वारे तोतयेगिरी यांसाठी स्वतंत्र कलमे आली.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने एक दूरगामी पाऊल उचलले. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पुरावा देणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाला अशी सक्ती लागू करायला २०१९ उजाडले. पुढे ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयचे अनावरण झाले. त्यातही फोन आणि पिन असे दोन पुरावे लागतात. केवळ कार्डाचा क्रमांक चोरून पैसे काढणे भारतात अवघड झाले, हे या धोरणाचे निर्विवाद यश.

त्या यशाची दुसरी बाजूही होती. कुलूप भक्कम होताच चोरांनी कुलपाचा नाद सोडला आणि किल्लीवाल्याला गाठले. 'आपले केवायसी संपले आहे', 'वीज आज रात्री तोडली जाईल', 'पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', हे सारे संवाद त्या किल्लीसाठी रचलेले. ओटीपीने काय सिद्ध होते, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. विशिष्ट सिमकार्डावर आलेले अंक कोणीतरी वाचले, एवढेच त्यातून कळते. ते कोणी भरले, कोणाच्या सांगण्यावरून भरले, खातेदाराला नेमका कोणता व्यवहार करायचा होता, यातले काहीही कळत नाही. यूपीआयच्या पिनचेही तसेच. पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. तरी 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' या एका वाक्यावर वर्षानुवर्षे फसवणूक चालली.

या त्रुटीची किंमत कोणी मोजायची? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात त्याचे उत्तर दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र कोठेतरी आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर टाकले गेले. मात्र ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. नियम म्हणून हे तर्कशुद्ध आहे. पण बोलणारा खरा की तोतया हे पडताळण्याचे साधन हाती न देता, न पडताळल्याचा दोष मात्र ग्राहकाच्या पदरी टाकला जातो, ही विसंगती त्यात राहिलीच. फसलेल्या माणसाला नुकसानीइतकीच शरमही सोसावी लागते. त्या शरमेपायी तो घरच्यांना सांगायला कचरतो आणि नियमाप्रमाणे सर्वांत मोलाचा असलेला वेळ निघून जातो.

'डिजिटल अरेस्ट' या प्रकाराने ही विसंगती टोकाला नेली. येथे बँकेऐवजी थेट राज्यसंस्थेचे सोंग घेतले जाते. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, पडद्यावर न्यायालयाचे बनावट आदेश. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी अशाच एका कॉलची ध्वनिचित्रफीत ऐकवली. ती मराठी मुलखाला लागून असलेल्या कर्नाटकातील विजयपुराच्या एका रहिवाशाने प्रसंगावधान राखून टिपली होती. कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद नाही, हे त्या वेळी देशाला स्पष्टपणे सांगण्यात आले.

तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूतील एक प्रकरण उजेडात आले. तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या एका महिलेचे ३१ कोटी ८३ लाख रुपये, १८७ व्यवहारांतून, काही महिन्यांत भामट्यांनी उकळले होते. पार्सलच्या बहाण्याने आलेल्या कॉलपासून सुरुवात झाली आणि पुढे मालमत्तेची 'पडताळणी' करायची आहे या सबबीखाली पैसे मागवले गेले. बँकेच्या दृष्टीने खातेदार खरी होती आणि पैसे पाठवण्याची आज्ञाही तिचीच होती. तिच्याकडून आज्ञा वदवून घेणारे खरे नव्हते, आणि ते तपासण्याची जागा त्या साऱ्या साखळीत कोठेच नव्हती. तंत्रज्ञान शिकलेला माणूस फसणार नाही, हा समज या शहराने पुरता खोटा ठरवला. भीती आणि एकटेपणा यांच्यापुढे शिक्षणाचा फारसा निभाव लागत नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार सायबर फसवणुकीत देशवासीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

पैसे गेल्यानंतरच्या धावपळीतही बेंगळुरूने एक धडा घालून दिला. चोरलेली रक्कम भाडोत्री खात्यांच्या साखळीतून काही तासांत पुढे सरकते, म्हणून पहिला तास-दोन तासच महत्त्वाचे, हे ओळखून शहर पोलिसांनी २०२१ च्या सुमारास ११२ या क्रमांकावरूनच तक्रार नोंदवून खाते गोठवण्याची व्यवस्था उभी केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू केली. तिचा क्रमांक आरंभी १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. या क्रमांकावर आलेली तक्रार संबंधित बँकांकडे तत्काळ पोहोचते आणि वाटेत सापडेल तेवढी रक्कम रोखली जाते.

आता कोठे व्यवस्था उलट प्रश्नाकडे वळली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांकाचा मुखवटा चढवलेले कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले. बँकांनी ग्राहकांना ज्या क्रमांकावरून फोन करायचा त्यासाठी '१६००' ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका ठरवण्यात आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. 'पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील' या बतावणीचा मोठा आधार तिथे होता.

'डॉट बँक डॉट इन' हे याच दिशेचे पाऊल. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह केवळ जोडणी गुप्त असल्याचे सांगते. ठकाच्या संकेतस्थळालाही ते सहज मिळते. नव्या पत्त्याची नोंदणी मात्र हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच होते आणि ती बँकांपुरतीच मर्यादित आहे. म्हणून संकेतस्थळाचे नाव शेवटाकडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा भाग 'डॉट बँक डॉट इन' येथे संपत असेल तर तो बँकेचा. 'डॉट बँक डॉट इन' मध्येच येऊन पुढे आणखी काही जोडलेले असेल, तर तो पत्ता परक्याचा. मोर्तबाच्या खाली घुसडलेल्या ओळीसारखेच हे आहे.

ही साधने उपयोगी असली तरी अपुरी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कॉलला '१६००' चा नियम लागू पडत नाही आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने आता ओळखीचा आवाजही नकलून दाखवला आहे. म्हणून परस्पर-प्रमाणीकरणाची उरलेली बाजू घरातच उभारावी लागते. तिचे मुख्य सूत्र एकच: येणाऱ्या कॉलवर काहीही सिद्ध होत नाही, म्हणून संभाषणाची दिशा बदलावी. फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. खऱ्या बँकेला त्यात अडचण नसते. पोलीस असल्याचे कोणी सांगितले तर त्याने सांगितलेल्या क्रमांकावर न जाता जवळच्या ठाण्यात विचारावे. 'फोन ठेवू नका', 'घरात कोणाला सांगू नका' अशी अट घालणारा माणूस नेमकी हीच उलट तपासणी टाळू पाहत असतो.

मुले बेंगळुरूत आणि आईवडील सांगली, बेळगाव किंवा पुण्यात, अशी कितीतरी मराठी घरे आहेत. 'मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा' हा निरोप तिथे विशेष घातक ठरतो. पहाऱ्यावरचा शिपाई जसा परवलीचा शब्द विचारी, तसा एक शब्द कुटुंबाने समोरासमोर बसून ठरवावा. तो फोनमध्ये लिहून ठेवू नये. आईने मुलाला तो विचारला तर मुलाने राग मानू नये, आणि मुलाने आईला विचारला तर आईनेही. मोठ्या रकमेपूर्वी घरातल्या आणखी एकाला सांगायचे, हाही त्याच बैठकीत ठरवायचा नियम. आणि कोणी फसलेच, तर पहिला प्रश्न 'असे कसे केलेस?' हा नसावा. आधी १९३० ला फोन लावावा, मग बँकेला कळवावे, व्यवहाराचे तपशील जपून ठेवावेत. बाकीचे बोलणे दुसऱ्या दिवशीही करता येते.